पन्नास मीटरवरचा वारा

"तुझा काय म्हणणा आसा, ता देवाक सांग," बाबी पराडकर म्हणाले.

आडबंदरच्या सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या पठारावर, रवळनाथाच्या घुमटीसमोर आम्ही उभे होतो. पानावर नारळ ठेवलेला होता. मागे साठ-सत्तर माणसं होती, त्यांत निम्म्याहून जास्त बायका. बाबी गावचे सरपंच आणि देवाचे मानकरीही. गाऱ्हाणं तेच घालायचे.

"मी काय सांगू?" मी हळूच विचारलं.

"खरा सांग. पुढचा मी बघतंय."

मी नुकतीच एम.एस्सी. झाले होते, भौतिकशास्त्रात. प्रबंध कसा मांडायचा ते मला माहीत होतं. देवापुढे कसं मांडायचं ते नव्हतं. म्हणून प्रबंधासारखंच सांगितलं. "या सड्यावर पन्नास मीटर उंचीचा खांब उभा करायचा आहे. एक वर्ष वारा मोजायचा आहे. इथे पवनचक्क्या चालतील का, किती वीज देतील, ते काढायचं आहे. ते आकडे चांगले आले, तर इथे अणुवीज प्रकल्पाची गरज नाही, असं दाखवता येईल."

बाबींनी डोळे मिटले. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्या चेडू दूरसून इला हा. वाऱ्याचा माप घेवक इला हा. तेच्या कामाक यश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून लोक म्हणाले.

"आणि आमच्या सड्यार जी अणूची भट्टी येवक बघता, ती जशी इली तशी माघारी धाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा दुसरा आवाज पहिल्याच्या दुप्पट होता.

तीन वर्षं या गावाने सड्यावर मोजपट्टीसुद्धा येऊ दिली नव्हती. प्रकल्पाचे सर्वेक्षक आले की बायका रस्त्यावर बसायच्या. एकदा तीन पायांची दुर्बीण घेऊन आलेल्या दोघांना त्यांनी चहा पाजला, दुर्बीण जीपमध्ये नीट ठेवून दिली आणि जीप वळवून दिली. त्याच सड्यावर त्या दिवशी माझ्या खांबाला नारळ फुटला.

मला पाठवलं होतं डॉ. अच्युत रेगे यांनी. पुण्यात त्यांचं ऊर्जा अभ्यास केंद्र होतं. एम.एस्सी.ला ते आम्हाला एक पेपर शिकवायला यायचे. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन किती हजार वर्षं सांभाळावं लागतं, हे त्यांनी फळ्यावर एका रेघेने दाखवलं होतं. रेघ फळा संपल्यावर भिंतीवर गेली, भिंत संपल्यावर दाराबाहेर. शेवटी सर व्हरांड्यातून ओरडले, "अजून संपली नाही!" मी त्याच दिवशी ठरवलं की नोकरी करायची ती या माणसाकडे.

"गावाशी तूच बोल," सर म्हणाले होते. "मी गेलो तर पुण्याचा साहेब दिसेन. तू पटशील."

खांब उभा करायला आमचे दोन तंत्रज्ञ होते, पण खरं काम केलं मच्छीमारांनी. खांब आडवा जोडायचा आणि चारही बाजूंच्या तारा ताणत उभा करायचा, अशी ती रीत. तंत्रज्ञ तार कशी ताणायची ते समजावू लागले तेव्हा गणपत तारी नावाचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, हसले. "आमका डोलकाठी उभी करूक शिकवतास?" दीड तासात खांब उभा राहिला. मी ओळंबा धरून पाहिला. अर्ध्या अंशाचाही कल नव्हता.

गणपत तारींच्या घरी मी वर्षभर राहिले. त्यांची बायको चंद्रभागा, म्हणजे सगळ्या गावाची चंद्रावयनी. मासळी विकायची आणि रस्त्यावर बसायच्या बायकांत पहिली बसायची. पहिल्याच दिवशी ती खांबाखाली येऊन उभी राहिली.

"ता गरगर फिरता ता काय?"

"त्या तीन वाट्या आहेत. किती जोरात फिरतात त्यावरून वाऱ्याचा वेग कळतो."

"आणि ता शेपटीवाला?"

"वातकुक्कुट. वारा कुठून येतो ते सांगतं."

"कुक्कुट म्हणजे कोंबडो मा? आरवता काय?"

"नाही, वयनी."

"मगे बरा. हय आधीच चार आसत."

त्या खांबावर वाट्या तीन उंचींवर होत्या: दहा, तीस आणि पन्नास मीटरवर. पावसाचं आणि उन्हाचं माप होतं. आणि दोन थर्मामीटर होते, एक दहा मीटरवर, एक पन्नासवर. मी सरांना फोन करून विचारलं, "सर, दोन कशाला?"

"हवेची घनता काढायला."

हवेच्या घनतेला एक थर्मामीटर पुरतो. हे मला माहीत होतं. आपल्याला अजून सगळं कळत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि दुसऱ्या थर्मामीटरचा रकाना वहीत आखला.

रोज सकाळी सड्यावर जाऊन मी नोंदयंत्रातले आकडे उतरवून घ्यायचे. जेवायला बसले की चंद्रावयनी परीक्षा घ्यायची.

"काल दुपारी वारो खयसून होतो?"

"पश्चिम-वायव्येकडून. सेकंदाला सहा पूर्णांक दोन मीटर."

"सहा आणि दोन ता माका कळना नाय. शीड भरला असता, येवढा कळता. आणि पहाटे?"

"पहाटे जमिनीवरून. दोन मीटर."

"पास," ती म्हणायची आणि ताटात आणखी एक बांगडा टाकायची.

जूनपासून ऑगस्टपर्यंत पन्नास मीटरवर वाऱ्याची सरासरी साडेआठ मीटर होती. माझी अपेक्षा सहाची होती. जुलैत वीज पडून नोंदयंत्र चार दिवस बंद राहिलं, तेराच्या संध्याकाळपासून सतराच्या संध्याकाळपर्यंत. शेजारच्या दिवसांवरून अंदाजाने जागा भरता आली असती, बरेच जण भरतात. मी चार दिवस कोरे ठेवले आणि खाली कारण लिहिलं. सर फोनवर म्हणाले, "असंच हवं. तू आहेस म्हणून मला आकड्यांची काळजी नाही." तो दिवस माझा फार चांगला गेला.

ऑक्टोबरात वारा पडला. मी हिरमुसून बसले तेव्हा चंद्रावयनीने कारण विचारलं.

"पावसाळ्यात वारा भरपूर आहे, पण आता नाही. दिवसा ऊन आहे, त्याची वीज करता येईल. पण संध्याकाळी सहा ते दहा? ना ऊन, ना वारा."

"मगे दिवसाचा ठेवन दी."

"वीज ठेवता येत नाही सहज. पाणी वर चढवून ठेवलं तर येते. रात्री ते खाली सोडायचं. पण वर ठेवणार कुठे?"

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. "सड्यार चिऱ्याच्या खाणी किती आसत, मोजलंस?"

नव्हत्या मोजल्या. दुसऱ्या दिवशी गणपतकाकांबरोबर मोजल्या. चिरे काढून सोडून दिलेल्या सतरा खाणी, त्यांतल्या सहा मोठ्या, आणि खाली खाडीपर्यंत ऐंशी मीटरचा उतार. माझ्या अहवालातलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्या खाणींचं आहे. पावसाळ्यात वारा, उरलेले आठ महिने ऊन, संध्याकाळला खाणींतलं पाणी. पहिली पवनचक्की वर्षभरात फिरू लागली असती. प्रकल्पाचं पहिलं युनिट पंधरा वर्षांनी यायचं होतं.

मी हे वयनीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "पंखो मोडलो तर?"

"खाली उतरवायचा. दुसरा लावायचा."

"तेंचा मोडला तर?"

मी अहवालाची पानं चाळू लागले.

"गाव उतरवचो," ती म्हणाली. "ह्या लिव त्यात."

वर्ष संपलं. चौऱ्याऐंशी पानांचा अहवाल मी सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पहिलं पान उघडून "वा" म्हटलं.

पाच महिन्यांनी बाबींचा फोन आला. "भट्टीवाल्यांचो रिपोर्ट इलो हा पंचायतीत. लोकांनी बघूक ठेवलो हा, म्हयन्यान सुनावणी आसा. दोन खंड आसत, उशीक घेवच्यासारखे. तू येवन वाच आणि आमका सांग."

मी पोचले तेव्हा पंचायतीच्या खोलीत बाबी, चंद्रावयनी आणि गणपतकाका वाट बघत होते. मी पहिला खंड उघडला. ‘पर्यायांचा विचार’ या प्रकरणात पवनऊर्जेला दोनच ओळी होत्या: या किनाऱ्यावरील वाऱ्याचा पुरेसा अभ्यास उपलब्ध नसल्याने हा पर्याय विचारात घेतलेला नाही.

"खोटं आहे," मी म्हटलं. "आपला अभ्यास आहे की. सुनावणीत मी तो ठेवते."

"शाबास!" बाबी म्हणाले.

मग दुसरा खंड घेतला. सातवं परिशिष्ट: प्रकल्पस्थळावरील हवामानाच्या वर्षभराच्या नोंदी. अपघात होऊन भट्टीतून किरणोत्सारी वायू सुटले, तर ते कुठल्या दिशेने आणि किती दूर जातील, याचं गणित या नोंदींवर केलेलं होतं. दहा मीटरवरचा वारा. पाऊस. ऊन. दहा आणि पन्नास मीटरवरच्या तापमानांतला फरक. खालची हवा वर चढते की जमिनीलगत कोंडून राहते, ते या फरकावरून कळतं. त्याला थर्मामीटर दोन लागतात.

मी जुलैचं पान उघडलं. तेराच्या संध्याकाळपासून सतराच्या संध्याकाळपर्यंतचे रकाने कोरे होते. खाली माझंच वाक्य होतं.

"काय झाला गो?" वयनीने विचारलं. "पांढरी पडलंस."

"एक फोन करून येते."

बाहेर पंचायतीच्या पायरीवर उभं राहून मी सरांना फोन लावला.

"सर, सातव्या परिशिष्टात आपल्या नोंदी आहेत."

"हो."

"त्यांच्याकडे कशा गेल्या?"

"मी दिल्या." उदाहरण सोडवून दाखवताना असायचा, तसाच त्यांचा आवाज होता. "त्या कामासाठीच होत्या."

"कधी ठरलं हे?"

"खांब उभा करायच्या आधी. प्रणिता, जागेवरच्या वर्षभराच्या नोंदींशिवाय त्यांचा अहवाल पुढे सरकत नव्हता आणि गाव कोणाला सड्यावर पाय ठेवू देत नव्हतं. कोणीतरी मोजायला हवंच होतं. वाईट मोजण्यापेक्षा चांगलं मोजलेलं बरं."

"मी देवासमोर सांगितलंय, सर, हे कशासाठी आहे ते. सगळ्या गावासमोर."

"तू खोटं काहीच सांगितलं नाहीस. तुझ्यापुरतं ते खरंच होतं."

"आणि दोन थर्मामीटर?"

"ते तुला तेव्हाच कळलं असेल, असं मला वाटलं होतं."

मी पायरीवर बसले.

"माझा अहवाल कुठे आहे?"

"माझ्याकडे. चांगला आहे, पण मी तो पुढे पाठवला नाही. ऑक्टोबरची संध्याकाळ तू चिरेखाणींवर भागवतेस. देशाला चोवीस तास वीज लागते. वीस वर्षं मी पवनचक्क्यांवर लिहिलं, बोललो. किती उभ्या राहिल्या? मी थकलो. निदान यांची भट्टी उभी तरी राहील."

"त्यांच्या वापरलेल्या इंधनाचं काय करणार, ते या दोन खंडांत एका वाक्यात आहे. ‘योग्य वेळी ठरवण्यात येईल.’ तुमची रेघ दाराबाहेर गेली होती, सर."

"हे मला शिकवू नकोस."

"तुम्हीच शिकवलंय."

"आकडे कोणाच्या बाजूचे नसतात," ते म्हणाले. "शांत झालीस की फोन कर."

मी आत गेले आणि तिघांना सगळं सांगितलं. दोन थर्मामीटरसकट. मला शंका आली होती आणि मी ती गिळली होती, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर गणपतकाका उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"म्हणजे तीन वर्सा आमी ज्येंका सड्यार येवक दिलव नाय, तेंचाच काम आमी हातान उभा केलव," ते म्हणाले.

चंद्रावयनीने विचारलं, "त्या रिपोर्टात आमचा काय लिवलेला आसा?"

मी पान काढलं. दुपारचा वारा समुद्रावरून येतो, म्हणजे सुटलेले वायू पूर्वेकडे जाणार. पूर्वेकडे आडबंदर. तिथे लिहिलं होतं, ‘प्रभावित होणारी लोकवस्ती: विरळ.’

"विरळ म्हणजे?"

"थोडी. तुरळक."

"किती झाली म्हणजे दाट?"

याचं उत्तर त्या खंडात नव्हतं.

बाबींनी तो खंड आपल्याकडे ओढून घेतला. मग एकदम म्हणाले, "अरे, पण ह्या सोपा आसा! आकडे हेचे मा? सुनावणीत उभी ऱ्हव आणि सांग, यंत्र बिघडलेला. चार दिवस बंद पडलेला ता आसाच लिवलेला. सांग, वर्षभर तसाच चलत होता. आकडे चुकीचे."

"मगे काय होयत?" गणपतकाकांनी विचारलं.

"मगे तेंका परत वर्षभर मोजूक लागात. आणि आता सड्यार कोण येता, ता मी बघतंय!"

बाबींचं बरोबर होतं. माझ्या एका वाक्याने तो खंड पडला असता. ते तिघं माझ्याकडे बघत होते.

"बाबी, पवनचक्क्यांचा अहवालही त्याच आकड्यांवर आहे," मी म्हटलं. "ते चुकीचे म्हटले, तर वाऱ्याचे आणि खाणींचेही चुकीचे ठरतील. मग आपल्या हातात काहीच राहत नाही."

"आधी भट्टी जाऊंदे. वारो खय पळता? परत मोजूया."

"आणि ते खोटं आहे."

"तेंनी काय केल्यानी?" बाबींचा आवाज चढला. "तेंनी खरा केल्यानी?"

"रवांदे," चंद्रावयनी म्हणाली. "तेका विचार करूंदे."

सुनावणीपर्यंतचे दिवस मी तिच्याच घरी होते. जा असं कोणी म्हटलं नाही. जेवायला रोज वेळेवर वाढलं जायचं. वारा कुठून होता, ते मात्र तिने एकदाही विचारलं नाही.

तालुक्याच्या गावी मंडप घातला होता. आडबंदरहून दोन टेम्पो भरून माणसं आली, त्यांतच मीही. समोर मंचावर अध्यक्ष म्हणून जिल्ह्याचे एक अधिकारी आणि अहवाल लिहिणारे चौघं होते. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर रेगे सर होते. त्यांनी मला बघून हात केला.

माझं नाव पुकारल्यावर मी माइकपाशी गेले. तीन मिनिटं होती. मी पाठ केल्यासारखं बोलले: पहिल्या खंडात लिहिलंय की इथल्या वाऱ्याचा अभ्यास नाही. दुसऱ्या खंडात इथल्या वाऱ्याच्या वर्षभराच्या नोंदी आहेत. त्या मी केल्या आहेत, पवनऊर्जेसाठी. गावाने त्यासाठीच परवानगी दिली होती, या प्रकल्पासाठी नाही. त्याच नोंदींवरचा माझा अहवाल मी आज इथे देते आहे, तो वाचावा.

मंडपात टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी त्या संपू दिल्या.

"सातव्या परिशिष्टातल्या नोंदी तुम्ही स्वतः केल्यात?"

"हो."

"त्या चुकीच्या आहेत का?"

पहिल्या रांगेत बाबी खुर्चीच्या टोकावर आले होते. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. त्यांच्या शेजारी चंद्रावयनी होती. तिने मान हलवली नाही. ती फक्त बघत होती.

मी नोंदवहीचा विचार केला. तीनशे एकसष्ट दिवस. एकही आकडा न बघता लिहिलेला नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "नोंदी बरोबर आहेत. पण त्यांवरून—"

"धन्यवाद." अध्यक्ष बाजूच्या लेखनिकाकडे वळले. "लिहून घ्या. ज्यांनी नोंदी केल्या, त्यांनीच त्या बरोबर असल्याचं सांगितलं."

"आणि माझा अहवाल?"

"पवनऊर्जा आजच्या विषयात नाही. आवक विभागात द्या. पुढचं नाव?"

वळताना मला सर दिसले. वर्गात कोणी अचूक उत्तर दिलं की ते डोळे बारीक करून मान डोलवायचे. तशीच त्यांनी डोलवली.

याला आता तेरा वर्षं झाली. सड्याभोवती भिंत आहे. आत अजून वीज तयार झालेली नाही. माझा अहवाल आवक क्रमांक पडून कुठल्या तरी कपाटात असेल.

त्या दिवशी मंडप सुटल्यावर बाबी माझ्या शेजारून निघून गेले, थांबले नाहीत. गणपतकाका टेम्पोत माणसं चढवत होते. चंद्रावयनी तेवढी आली.

"वयनी, मी खोटं बोलायला हवं होतं का?"

तिने पदर खोचला. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. तिने हाताने त्याला थांब म्हटलं.

"तू खोटा बोलूचंस नाय, ह्या तुझ्या सरांक म्हायत होता," ती म्हणाली. "म्हणानच तेंनी तुका हय धाडल्यानी."

हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आणि म्हणानच आमी पण तुका सड्यार चढवलव," ती म्हणाली, आणि फाळक्याला हात घालून टेम्पोत चढली.